माजी सैनिकांचे औषधपाणी : चूक, कबुली आणि जाब



सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या बाजूच्या एखाद्या गावात शिरलात आणि विचारलेत की इथे लष्करातून पेन्शनीत आलेले कोणी आहे का, तर एक सोडून चार घरांकडे बोट दाखवतील. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला तर नावच पडले आहे अपशिंगे मिलिटरी. कोणी सुभेदार असतो, कोणी हवालदार, कोणी नाईक. अंगात ताकद होती तोवर ही माणसे सीमेवर उभी राहिली. आता गुडघे बोलतात, साखर वाढते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, एखादी जुनी जखम पावसाळ्यात ठसठसते. अशा माणसाच्या औषधपाण्याची सोय सरकारने करावी, हे सर्वांना मान्य आहे. आजचे बोलणे त्याच्या पुढचे आहे. सोय झाली, इस्पितळ उभे राहिले, डॉक्टर आले. पण त्या इस्पितळातच रुग्णाला अपाय झाला तर? तो झाला हे कोण सांगणार? आणि जाब कोणाला विचारायचा?

आता तुम्ही म्हणाल, दवाखान्यात माणूस बरा व्हायला जातो, तिथे अपाय कसा व्हायचा? पण होतो, आणि पुष्कळदा तो कोणाच्या दुष्टपणामुळे होत नाही. दोन रुग्णांची नावे सारखी असतात. दोन औषधांच्या बाटल्या सारख्या दिसतात. डॉक्टरांचे अक्षर नर्सबाईंना नीट लागत नाही. रात्रपाळीला माणसे कमी, खाटा जास्त. अशा वेळी एकाची गोळी दुसऱ्याच्या पोटात जाते. १९९९ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका मोठ्या संस्थेने असा अंदाज मांडला की, त्या देशातल्या इस्पितळांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे अशा टाळता येण्याजोग्या चुकांनी दगावतात. या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाला. पण चुका होतात, आणि त्या थोड्याथोडक्या नाहीत, ही गोष्ट तेव्हापासून कोणी नाकारली नाही.

आज मी तुम्हाला त्याच देशातल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, माजी सैनिकांच्या इस्पितळांच्या गोष्टी सांगणार आहे. एवढ्या लांबच्या गोष्टी कशाला, असे कोणाला वाटेल. त्याचे कारण असे की, तिथे ही व्यवस्था फार मोठी आहे आणि तिच्यातले चांगले व वाईट दोन्ही चौकशी होऊन छापले गेले आहे, कोणालाही वाचता येते. पुढच्याला ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. ती ठेच कुठे लागली हे मात्र आधी कळायला हवे.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारचे एक स्वतंत्र खाते आहे. १९३० साली निरनिराळ्या कचेऱ्या एकत्र करून ते उभे राहिले, आणि १९८९ पासून त्याचा प्रमुख मंत्रिमंडळात बसू लागला. आज या खात्याची सुमारे १७० इस्पितळे आणि हजाराहून अधिक लहान दवाखाने आहेत. उपचारांसाठी नावे नोंदवलेले माजी सैनिक सुमारे ९० लाख आहेत. डॉक्टर सरकारचे, इमारत सरकारची, औषधही सरकारचे. त्यामुळे चांगले झाले तर श्रेय सरकारचे आणि वाईट झाले तर जाबही सरकारलाच द्यावा लागतो.

पहिली गोष्ट केंटकी राज्यातल्या लेक्झिंग्टन शहरातली. तिथल्या माजी सैनिकांच्या इस्पितळाविरुद्ध हलगर्जीपणाचे दोन खटले झाले. १९८० नंतरच्या दशकातली ही हकीकत. दोन्ही खटले इस्पितळ हरले आणि १५ लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यावी लागली. तेव्हा तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांनी आणि वकिलांनी मिळून एक समिती नेमली. हेतू साधा होता: कुठे चूक झाली असेल तर ती आपल्याला आधी कळावी, म्हणजे कोर्टात तोंडघशी पडायची पाळी येणार नाही. पण चुका शोधता शोधता त्यांच्या हाती असे एक प्रकरण आले की, एक बाई इस्पितळाच्या चुकीने दगावल्या होत्या आणि घरच्यांना त्याची शंकासुद्धा नव्हती. त्यांना वाटत होते, आजारानेच गेल्या.

आता काय करायचे? गप्प बसले असते तर कोणाला काही कळणार नव्हते. दावा नाही, भरपाई नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. पण त्या मंडळींनी ठरवले की, सांगायचे. नातेवाइकांना बोलावले, वकील बरोबर आणावा असेही सुचवले, आणि झाली गोष्ट जशी झाली तशी समोर ठेवली. पुढे १९८७ सालापासून त्या इस्पितळाने हा रिवाजच केला: चूक झाली तर रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांना बोलावून सांगायचे, माफी मागायची, पुन्हा तसे होऊ नये म्हणून काय करतो आहोत ते सांगायचे, आणि भरपाईचा अर्ज कसा करायचा तेही दाखवायचे.

अशाने इस्पितळाचे दिवाळे निघेल, असे शहाण्यासुरत्या माणसांना वाटले. प्रत्यक्षात काय झाले ते आकड्यांत पाहा. १९९० ते १९९६ या सात वर्षांत ८८ दावे आले आणि दर दाव्यामागे सरासरी १५,६२२ डॉलर द्यावे लागले. खात्याच्या तशाच ३५ इस्पितळांशी तुलना केली, तेव्हा दाव्यांच्या संख्येत लेक्झिंग्टन वरच्या चौथाईत होते, आणि दिलेल्या एकूण पैशात खालच्या चौथाईत. म्हणजे भरपाई मागणारे वाढले. पण कोर्टकचेरीचे मोठे तंटे राहिले नाहीत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. त्या देशात सरकारी डॉक्टरवर वैयक्तिक दावा होत नाही, तो सरकारवर होतो. त्यामुळे तिथल्या डॉक्टरला खरे बोलणे थोडे सोपे होते. तरीही पहिल्यांदा खरे बोलायला छाती लागतेच. २००५ साली खात्याने हा नियम आपल्या सगळ्या इस्पितळांना लागू केला.

दुसरी गोष्ट कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरातली. सू किनिक नावाच्या एक परिचारिका तिथल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात कामाला होत्या. १९९२ च्या सुमारास त्या एकदा भाड्याची मोटार परत करायला गेल्या. तिथल्या माणसाने हातातले एक छोटे यंत्र मोटारीवरच्या रेघांच्या पट्टीसमोर धरले आणि मोटारीचा सगळा हिशेब त्याला क्षणात मिळाला. अशी पट्टी आता आपल्याकडे साबणाच्या वडीवर आणि बिस्किटाच्या पुड्यावरही असते. तिला बारकोड म्हणतात. बाईंच्या मनात आले की, मोटार चुकू नये म्हणून जर हे करता येते, तर रुग्ण चुकू नये म्हणून का करू नये?

झाले, त्याच इस्पितळात प्रयोग सुरू झाला. रुग्णाच्या मनगटावर एक पट्टी, औषधाच्या प्रत्येक मात्रेवर एक पट्टी. नर्सबाई आधी मनगटावरची पट्टी यंत्राला दाखवणार, मग औषधाची. रुग्ण तोच, औषध तेच, मात्रा तीच, वेळ तीच, असे सगळे जुळले तर ठीक. नाहीतर यंत्र तिथल्या तिथे सूचना देते. १९९९ आणि २००० साली ही पद्धत देशभरातल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत गेली. इतर इस्पितळांत ती येण्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट आहे. कल्पना कोणा मोठ्या अधिकाऱ्याची नव्हती, रोज खाटांमधून फिरणाऱ्या एका परिचारिकेची होती. आणि वरच्यांनी ती ऐकून घेतली, हेही तितकेच महत्त्वाचे.

पण यंत्र आले म्हणून काम संपले, असे समजू नका. पुढे संशोधकांनी वॉर्डात उभे राहून पाहिले, तेव्हा काही ठिकाणी घाईच्या वेळी मनगटावरची पट्टी न दाखवता रुग्णाचा आकडा हातानेच टाईप केला जात होता. पट्टी चुरगळलेली, यंत्र मंद, रुग्ण झोपलेला. मग काय करतील? कारण खरेच असते, पण तपासणी मात्र नावापुरतीच उरते. म्हणून यंत्र बसवणाऱ्याने वर्षभराने तिथे जाऊन माणसे ते कसे वापरतात, हे पाहायला हवे.

तिसरी गोष्ट एका पद्धतीची. १९९९ साली या खात्याने मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर इथे रुग्णसुरक्षेसाठी एक राष्ट्रीय केंद्र काढले. त्याचे पहिले प्रमुख होते जेम्स बेजियन. हे गृहस्थ डॉक्टर, इंजिनिअर आणि दोनदा अंतराळात जाऊन आलेले. १९८६ साली चॅलेंजर नावाचे अंतराळयान उडाल्यावर थोड्याच वेळात फुटले, त्या अपघाताच्या तपासातही त्यांनी काम केले होते. विमान किंवा अंतराळयान पडले की तपास करणारे फक्त 'कोणी केले?' एवढ्यावर थांबत नाहीत. काय घडले, का घडले, आणि पुन्हा घडू नये म्हणून काय बदलायचे, हे तीन प्रश्न ते विचारतात. हीच रीत बेजियन यांनी इस्पितळात आणली. अपघात घडला तर चौकशी करायचीच. पण थोडक्यात टळला तरी चौकशी करायची. बैल विहिरीच्या काठापर्यंत जाऊन परत आला, तर शहाणा शेतकरी नुसता हुश्श करीत नाही, त्याच दिवशी काठाला कुंपण घालतो. तसेच हे.

या पद्धतीत एक मर्यादा मोठ्या विचाराने घातलेली आहे. जो आपणहून चूक सांगेल, त्याने सांगितलेले त्याच्याच विरुद्ध शिक्षेसाठी वापरायचे नाही. मात्र हे अभय सरसकट नाही. गुन्हा केला असेल, दारू पिऊन किंवा नशा करून काम केले असेल, रुग्णाचा छळ केला असेल, किंवा धोका माहीत असून मुद्दाम तसे केले असेल, तर ते या चौकशीतून बाहेर काढून वेगळ्या वाटेने न्यायचे. तिथे शिस्तीची कारवाई आणि गरज पडली तर फौजदारी.

२००३ साली त्याच खात्याने शस्त्रक्रियेबद्दल एक नियम केला. तो फार साधा आहे, पण आपल्या कामाचा आहे. शस्त्रक्रियेआधी जागेवर खूण करायची; आणि रुग्णाला "तुम्ही अमुक ना?" असे विचारायचे नाही. "तुमचे नाव काय, जन्मतारीख काय, आज तुमची कसली शस्त्रक्रिया आहे?" असे विचारून त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे. का बरे? तर म्हातारा माणूस, तोफांच्या आवाजाने कान गेलेले, समोर डॉक्टर उभे. त्याला काहीही विचारले तरी तो मान डोलावून "हो जी" म्हणणार. त्या "हो"ला काय अर्थ? शिक्षकांना हे सांगायला नको. "समजले का?" असे विचारल्यावर सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो, आणि फळ्यापाशी बोलावले की खडू हलत नाही.

आतापर्यंत चांगल्या गोष्टी झाल्या. पण याच खात्यात, याच काळात, मान खाली घालावी असेही घडले. तेही ऐकायला हवे.

ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरातली गोष्ट २०१४ सालची. वरून हुकूम होता की, माजी सैनिकाने डॉक्टरांची वेळ मागितली की ती १४ दिवसांच्या आत मिळाली पाहिजे. हेतू चांगला. पण हा आकडा साधला की नाही यावर अधिकाऱ्यांचे मूल्यमापन ठरू लागले, बक्षिसाचे पैसेही ठरू लागले. इकडे डॉक्टर कमी आणि रुग्ण वाढलेले. १४ दिवसांत वेळ मिळणे शक्यच नव्हते. मग काय केले? रुग्ण वाढले तसे डॉक्टर वाढवायला हवे होते. त्याऐवजी कागद बदलले. कितीतरी जणांची नावे अधिकृत यादीत चढवलीच नाहीत. काही ठिकाणी मोकळी तारीख आधी पाहायची, आणि रुग्णानेच ती मागितली असे लिहायचे. म्हणजे थांबावे लागलेले दिवस शून्य!

शिक्षकबंधूंना ही युक्ती ओळखीची वाटेल. हजेरी शंभर टक्के दिसली पाहिजे असा वरून हुकूम आला, आणि गुरुजींनी गैरहजर मुलांची नावे पटावरूनच खाली उतरवली, तर हजेरीपट सुंदर दिसेल. मुले मात्र रानात गुरांमागेच असतील.

त्या इस्पितळातले एक डॉक्टर, सॅम फूट, निवृत्त होऊन उघडपणे बोलले. मग खात्याच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली. मे २०१४ मध्ये त्यांनी सांगितले की, सुमारे १,७०० माजी सैनिकांची नावे अधिकृत यादीत नव्हतीच. २२६ जणांचे कागद तपासले, तेव्हा पहिल्या भेटीसाठी त्यांना सरासरी ११५ दिवस थांबावे लागले होते. इस्पितळाने वर कळवलेला आकडा होता २४ दिवस. पुढच्या महिन्यात देशभर तपासणी झाली. पहिल्या भेटीसाठी ९० दिवस किंवा अधिक थांबलेले ५७,००० हून अधिक निघाले.

या दिरंगाईने माणसे मेली का? वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून ४० मृत्यूंची चर्चा झाली होती. ऑगस्ट २०१४ च्या अहवालात महानिरीक्षकांनी जपून लिहिले की, दिरंगाईमुळेच मृत्यू झाले असे खात्रीने म्हणता येत नाही. मात्र २८ रुग्णांच्या उपचारांत गंभीर दिरंगाई झाली होती, आणि त्यांतले सहाजण हयात नव्हते. जे सिद्ध झाले तेवढेच लिहायचे, ही त्या अहवालाची शिस्त आपणही पाळावी. अतिशयोक्तीने तक्रार मोठी दिसते, पण एक आकडा खोटा निघाला की खरी तक्रारही वाया जाते.

त्या वेळी खात्याचे प्रमुख होते एरिक शिनसेकी. स्वतः लष्कराचे माजी प्रमुख, व्हिएतनामच्या लढाईत पायाला जबर जखम होऊन पाऊल अर्धे गमावलेले. त्यांच्या सचोटीबद्दल कोणाला शंका नव्हती. पण खालून आलेल्या आकड्यांवर त्यांनी भरवसा ठेवला, आणि तो जास्त ठेवला असे त्यांनी स्वतःच बोलून दाखवले. ३० मे २०१४ रोजी त्यांनी राजीनामा दिला. वरचा माणूस प्रामाणिक असला एवढ्याने भागत नाही. खालचे कागद खरे आहेत की नाहीत, हे त्याने मधूनमधून स्वतः जाऊन पाहावे लागते.

पुढची गोष्ट त्याहून वाईट आहे. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या क्लार्क्सबर्ग इथल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात २०१७ आणि २०१८ मध्ये काही म्हाताऱ्या रुग्णांची रक्तातली साखर रात्री एकाएकी खाली गेली आणि ते दगावले. सगळे ऐंशी वर्षांच्या पुढचे. काहींना तर मधुमेहच नव्हता. शेवटी निष्पन्न झाले की, रात्रपाळीची एक मदतनीस बाई त्यांना इन्शुलिन टोचत होती. इन्शुलिन हे मधुमेहाचे औषध. गरज नसताना किंवा जास्त दिले तर साखर इतकी उतरते की माणूस बेशुद्ध होऊन दगावतो. २०२० साली तिने सात खुनांची कबुली दिली, आणि २०२१ साली तिला सात जन्मठेपा झाल्या.

खून करणारी एक होती. पण महानिरीक्षकांच्या २०२१ च्या अहवालाने तिच्यापाशी बोट थांबवले नाही. मदतनिसाला इन्शुलिन द्यायचा अधिकार नव्हता. तरी ते तिच्या हाती लागले, कारण औषधे कुलपात नीट ठेवलेली नव्हती. नेमताना तिच्या आधीच्या नोकरीची पुरती तपासणी झाली नव्हती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, साखर एकाएकी का उतरली याचा छडा लावण्याच्या तपासण्या वेळेवर झाल्या नाहीत, अशा घटना नियमाप्रमाणे वर कळवल्या गेल्या नाहीत. पहिल्या एकदोन घटनांनंतर कोणी थांबून विचारले असते की हे असे का झाले, तर पुढचे काही जण वाचले असते. म्हातारा माणूस, वय झाले, जायचाच, असे म्हणून जिथे प्रश्न संपतो, तिथे धोका सुरू होतो.

आता या गोष्टी शेजारी शेजारी मांडून पाहा. लेक्झिंग्टनला चूक झाली आणि ती सांगितली. बेजियन यांच्या पद्धतीत चूक सांगणाऱ्याला अभय मिळाले. फिनिक्सला अडचण होती, ती सांगितली नाही, लपवली. क्लार्क्सबर्गला अडाण्यालाही दिसेल अशी विपरीत गोष्ट घडत होती, ती कोणी लिहून वर कळवली नाही. माझ्या मते रुग्णसुरक्षेचे सारे मर्म यात आहे. चूक आणि लबाडी या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत आणि त्यांना एकाच काठीने हाकू नये. प्रत्येक चुकीला शिक्षा ठेवली, तर माणसे चुका लपवायला शिकतात, आणि लपवलेली चूक पुन्हा होते. उलट, सगळ्यालाच चूक म्हणून सोडून दिले, तर खोटा कागद करणारा निर्धास्त होतो. म्हणून चूक सांगणाऱ्याला अभय हवे, आणि लपवणाऱ्याला, खोटे लिहिणाऱ्याला जाब हवा.

हे बोलायला सोपे, करायला कठीण. अमेरिकेत जून २०१७ मध्ये खात्यातल्या जबाबदारीचा आणि खरे बोलणाऱ्या नोकरांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यासाठी वेगळी कचेरी निघाली. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये महानिरीक्षकांनी त्या कचेरीचीच तपासणी केली, तेव्हा ती तक्रारदारांचे नीट रक्षण करीत नाही असे दिसले. म्हणजे जाब विचारणाऱ्यालाही कोणीतरी जाब विचारावा लागतो. म्हणून महानिरीक्षकासारखा वेगळा, आपला अहवाल जाहीर छापणारा तपासनीस असणे महत्त्वाचे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून केंद्र सरकारची अंशदायी आरोग्य योजना सुरू आहे. तिला सगळे ई.सी.एच.एस. म्हणतात. देशभर तिचे चारशेहून अधिक दवाखाने आहेत. ठरलेल्या खासगी इस्पितळांतही तिच्या कार्डावर उपचार होतात. माजी सैनिकाचा कागद त्यामुळे दोन-तीन ठिकाणी फिरतो: आधी दवाखाना, मग खासगी इस्पितळ, मग पुन्हा दवाखाना. आणि जिथे कागद हात बदलतो तिथे चुकीला वाव जास्त. एका ठिकाणी बंद केलेली गोळी दुसऱ्या ठिकाणी चालूच राहते, ती अशीच.

कागदाचे महत्त्व किती, हे आपल्याच देशातल्या एका निकालावरून कळेल. २००२ साली सीमेवर सैन्याची जमवाजमव झाली होती. तेव्हा हवाई दलातला एक जवान आजारी पडला आणि जम्मू भागातल्या लष्करी इस्पितळात त्याला रक्ताची एक बाटली दिली गेली. बारा वर्षांनी, २०१४ साली, त्याला एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे आढळले. वैद्यकीय मंडळाने पुढे मान्य केले की ती त्या रक्तातूनच झाली. तरी आपले कागद मिळवायला त्याला झगडावे लागले, भरपाईचा अर्ज राष्ट्रीय ग्राहक आयोगाने फेटाळला. शेवटी २६ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लष्कर आणि हवाई दल या दोघांनाही जबाबदार धरले आणि सुमारे १ कोटी ५४ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. आपल्या दलांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. पण लेक्झिंग्टनची गोष्ट आठवा. तिथे इस्पितळाने नातेवाइकांना बोलावून सांगितले. इथे रुग्णाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्यात गेलेली वर्षे कोणत्याही रकमेने भरून येत नाहीत.

मग आपण आपल्या गावी काय करू शकतो? फार मोठे नाही, पण उपयोगाचे आहे. माजी सैनिकाने आपले सगळे वैद्यकीय कागद एका पिशवीत, तारखेच्या क्रमाने ठेवावेत आणि दर भेटीला ती पिशवी बरोबर न्यावी. कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणते औषध सोसत नाही, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे. सुई टोचण्याआधी किंवा गोळी घेण्याआधी आपले पूर्ण नाव आपण होऊन सांगावे आणि विचारावे, "हे कशाचे औषध?" यात डॉक्टरांचा अपमान नाही, चांगल्या डॉक्टरांना हे आवडते. घरी सोडताना मिळणारा कागद वाचून घेतल्याशिवाय इस्पितळ सोडू नये. तारीख लांबली तर किती दिवस लांबली, कोणी काय सांगितले, हे लिहून ठेवावे. तक्रार करायची तर दिवस, वेळ आणि घडले तेवढेच लिहावे. सल्ल्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. हवी ती माहिती दडवली जात असेल, तर २००५ सालचा माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे.

इथे शिक्षकांची मोठी मदत होऊ शकते. इस्पितळाचा कागद बहुधा इंग्रजीत असतो. गावातल्या एखाद्या सैनिकाच्या विधवेला त्यातले काय कळणार? शाळा सुटल्यावर गुरुजींनी किंवा बाईंनी दहा मिनिटे बसून ती गोळ्यांची यादी मराठीत लिहून दिली, सकाळ, दुपार, रात्र अशी खूण करून दिली, तर एखादी चूक तिथेच टळेल. औषध कोणते द्यायचे हे मात्र आपण ठरवायचे नाही, ते डॉक्टरांचे काम.

आणि जे दवाखान्यांत काम करतात, कंपाउंडर असोत, नर्सबाई असोत, डॉक्टर असोत, त्यांना एवढीच विनंती. एखाद्या दिवशी हातून चूक झाली, तर ती त्याच दिवशी लिहा आणि सांगा. आणि त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांना विनंती अशी की, जो सांगायला येईल त्याला आधी बसायला खुर्ची द्या, मग प्रश्न विचारा. तो पहिल्यांदा आला तेव्हा तुम्ही कसे वागलात, यावर दुसरा येईल की नाही हे ठरते. सीमेवर पहारा करणाऱ्या जवानाला शिकवलेले असते की, अंधारात काही हलले तर गप्प राहू नये, हाक द्यावी. त्याच्या म्हातारपणी त्याच्या खाटेशी पहारा करणाऱ्यांनीही तेवढेच करावे.